पंख्याकडे बघणाऱ्या शेखबाई

कुणी आमच्यापैकी एखाद्याविषयी काही विचारलं, की शेखबाई वर पंख्याकडे बघायच्या. "याला चहा चालतो का?" बाई पंख्याकडे. "हिला समजतं का सगळं?" बाई पंख्याकडे. उघड्यावर असलो तर झाडाकडे, झाड नसलं तर विजेच्या खांबाकडे. ज्याच्याविषयी विचारलंय तो समोर बसलेला असताना त्याच्या वतीनं त्या साधं ‘हो’सुद्धा म्हणायच्या नाहीत.

बाई विद्यापीठाच्या. अपंग मुलामुलींना चार लोकांत वावरता यावं म्हणून विद्यापीठानं नगरला एक अभ्यासक्रम सुरू केला होता. त्याचं नाव इतकं लांबलचक होतं, की सगळे त्याला ‘बाईंचा वर्ग’च म्हणायचे. आमच्यासारख्यांना एरवी पणत्या रंगवायला बसवतात. बाई विचारायच्या, "दिवाळी झाल्यावर काय करायचं?" त्यांचा वर्ग बँकेत भरायचा, एसटी स्टँडवर भरायचा, आठवडे बाजारात भरायचा. विद्यापीठाचे विद्यार्थी आमच्या जोडीला असत, पण आम्ही मागितल्याशिवाय मदत करायची नाही, अशी त्यांना सक्त ताकीद होती.

माझे हातपाय जन्मापासून आखडलेले आणि जीभ जड. डोक्यात वाक्य तयार असतं, पण ते बाहेर यायला वेळ लागतो. तेवढा वेळ कुणाला नसतो, म्हणून माझ्या वतीनं आईच बोलायची. मिरजगावात मी काय खाते, मला काय आवडतं, माझं काय दुखतं हे सगळं लोकांना आईकडून कळायचं. वर्गात पहिल्या दिवशी बाईंनी मला नाव विचारलं, तर आई म्हणाली, "सुनंदा. तिला बोलता येत न्हाई नीट, मीच सांगते." बाई हसून म्हणाल्या, "ताई, तुमचं नाव मी नंतर विचारते हं," आणि पुन्हा माझ्याकडे बघत राहिल्या. मला घाम फुटला, मान वाकडी झाली, पण ‘सुनंदा’ मीच म्हणाले.

बाई अबोल होत्या असं मात्र कुणी समजू नये. बोलायला लागल्या की त्यांना आवरणं कठीण. कंडक्टरशी, भाजीवालीशी, रांगेत पुढं उभ्या असलेल्या अनोळखी माणसाशी त्यांच्या गप्पा सुरू. घरातल्या ईदच्या शिरखुर्म्यात यंदा दूध कसं कमी पडलं हे त्यांनी एकदा बँकेच्या मॅनेजरना सविस्तर ऐकवलं होतं. अशा बाईला गप्प बसायचं म्हणजे शिक्षाच. पंख्याकडे बघताना उत्तर त्यांच्या अगदी ओठांवर आलेलं दिसायचं, आणि पदराचं टोक त्या बोटांत पिळत असायच्या. "सुनंदा, जरा लवकर बोलत जा गं," एकदा वैतागून म्हणाल्या, "तुझ्यापायी माझी ही तिसरी साडी वाया गेली."

मिरजगावच्या बाजारात त्या मला बांगड्यांच्या पालावर घेऊन गेल्या. माझा हात पटकन वळत नाही, म्हणून आई नेहमी मोठ्या मापाच्या हिरव्या बांगड्या घ्यायची, सरकन चढणाऱ्या. कासारमावशीनं माझा हात हातात घेतला आणि बाईंना विचारलं, "हिला कंच्या भरू?" बाई लिंबाच्या झाडाकडे बघायला लागल्या. मावशीनं आईकडे पाहिलं. आई तोंड उघडणार तेवढ्यात बाईंनी तिला गर्दीतून चहा आणायला धाडलं. हातात हात धरून मावशी बसून राहिली, मागच्या बायका कुरकुरायला लागल्या. मग मी म्हणाले, "लाल. बारीक." मावशीनं माझी बोटं दाबत, कुरवाळत, तोंडानं "सैल सोड गं बाय, सैल सोड" म्हणत लाल बांगड्या भरल्या. भरता भरता दोन फुटल्या, तर त्या तिनं हिशेबात धरल्या नाहीत.

आई परत आली ती संतापूनच. "बाई, माझ्या लेकीचा बाजारात तमाशा मांडलाय का तुमी? अख्खं गाव बघत हुतं."

"बघू दे की, ताई."

"तुमचं काय जातंय? माझी एकच काळजी हाय. मी गेल्यावर हिच्या वतीनं कोन बोलायचं?"

बाईंनी तिचा हात धरला. "कुणीच बोलायचं नाही. त्याचीच तर तयारी चाललीय."

आईला ते पटलं नाही. पण लाल बांगड्या तिनं येता-जाता बघितल्या, आणि पुढच्या आठवड्यात मला एकटीला नगरच्या एसटीत बसवून दिलं.

सुप्याच्या एका कारखान्यात माझी मुलाखत होती. आलेल्या मालाची कॉम्प्युटरवर नोंद करायचं काम. एका बोटानं का होईना, ते मला छान जमायचं. साहेबांनी बाईंना विचारलं, "हिला दिवसभर बसवेल का?" बाई पंख्याकडे. साहेबांनी आवाज चढवून पुन्हा विचारलं. बाई पंख्याकडे. बिचाऱ्यांची समजूत झाली, की अपंग मुलीबरोबर आलेल्या या बाईंनाच ऐकू येत नाही. ते कानाला हात लावून खाणाखुणा करायला लागले आणि शेवटी कागदावर मोठ्या अक्षरांत प्रश्न लिहून त्यांनी बाईंपुढं सरकवला. मला हसू आवरेना. हसता हसता जीभ कशी सैल झाली कुणास ठाऊक, पण अनोळखी माणसापुढं एवढं लांब मी आयुष्यात पहिल्यांदा बोलले: "त्यांना ऐकू येतं. त्या बोलणार नाहीत. मला विचारा."

साहेब ओशाळले, मग मोकळे हसले आणि खुर्ची माझ्याकडे वळवून बसले. नोकरी लागली. मी आणि आई आता सुप्यातच खोली करून राहतो.

बाई निवृत्त झाल्या, तेव्हा निरोपाला आम्ही सगळे जमलो होतो. आज काही लवकर सुटका नाही, अशा तयारीनं लोक बसले होते. पण बाई उठल्या, आमच्याकडे बघितलं आणि त्यांना बोलताच येईना. मग त्या खाली आल्या, आईजवळ बसल्या. "ताई, मी चालले मुलाकडे, पुण्याला. आता गप्प बसायची पाळी तुमची."

आई डोळे पुसत म्हणाली, "मला न्हाई जमायचं, बाई. आईचं तोंड हाय हे."

सुप्याला जाणाऱ्या एसटीत आम्ही शेजारी शेजारी बसलो. मला फार भरून आलं होतं. ज्यांनी मला माझा आवाज दिला, त्या बाईंना मी धड ‘येते’सुद्धा म्हणू शकले नव्हते. तेवढ्यात कंडक्टर आला. माझ्या वाकड्या हाताकडे बघून त्यानं आईला विचारलं, "मावशी, हिला कुठं उतरायचंय?"

आईचे ओठ हलले. मग तिनं पदराचं टोक बोटांत धरलं, पिळलं, आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

"ओ मावशी! ऐकू येत न्हाई का?"

आई तशीच. मान अवघडली तरी खिडकीतून नजर हलवेना.

"तिला ऐकू येतं," मी म्हणाले. "मला विचारा. दोन, सुपा."