खुर्चीपुरती वाट

आमच्या घरात मागायची पद्धत नाही. जेवताना सासऱ्यांना मीठ हवं असलं की ते "मीठ दे" म्हणत नाहीत. "आज मिठाचा संप आहे वाटतं," असं समोरच्या भिंतीला ऐकवतात. नवरा त्यांचाच मुलगा. त्याला चहा हवा असला की तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन घड्याळाकडे बघत उभा राहतो. लग्न होऊन मी बिबवेवाडीतल्या या बंगलीत आले तेव्हा मला हे फार रुबाबदार वाटलं होतं. आता नुसता राग येतो.

हे आधी सांगितलं, कारण शेजाऱ्यांशी झालेला आमचा हद्दीचा वाद याच रुबाबावर पोसला गेला. जागा म्हणाल तर वीतभर होती.

आमच्या आणि शेजारच्या बंगलीच्या मध्ये एक भिंत आहे. सासरे आणि शेजाऱ्यांचे वडील, दोघांनी मिळून ती बांधली. तेव्हा आजूबाजूला शेतं होती आणि भिंत थोडी इकडे की तिकडे याची फिकीर कुणालाच नव्हती. या भिंतीच्या आणि आमच्या घराच्या मध्ये एक अरुंद बोळ आहे. सासऱ्यांचे पाय गेल्यापासून रोज सकाळी मी त्यांची चाकाची खुर्ची मागच्या खोलीतून या बोळातून पुढच्या फाटकापर्यंत नेते. तिथे बसून ते जाणाऱ्या-येणाऱ्यांची परीक्षा घेतात. कोण सुटलंय, कोण वाळलंय, कुणी कुत्र्याला स्वेटर घातलाय. कुणीही उत्तीर्ण होत नाही. पण तेवढा वेळ त्यांच्या चेहऱ्यावर माणसाची कळा असते. उरलेला दिवस ते मागच्या खोलीत पडून छताकडे बघतात.

पुढच्या दाराला पायऱ्या आहेत. त्यांच्यावर उतार करून घेता आला असता, पण मग गाडी रस्त्यावर लावावी लागली असती, आणि नवऱ्याच्या मते गाडीला ऊन बाधतं.

शेजारी बँकेतून निवृत्त झालेले. भिंतीला ओल येऊन ती फुगली, तेव्हा नवी बांधायचं त्यांनी मनावर घेतलं आणि एक दिवस फाटकाशी येऊन उभे राहिले. एरवी ते सासऱ्यांना लहानपणापासून 'काका' म्हणत आलेले. त्या दिवशी काका गेले आणि 'आपण' आले.

"आपल्याला कल्पना असावी म्हणून सांगतो," ते म्हणाले. "ही भिंत आमच्या हद्दीत वीतभर आलेली आहे. नवी बांधताना ती आपल्या बाजूला सरकेल."

"आपण सांगितलंत, आम्ही ऐकलं," सासरे म्हणाले.

मी खुर्चीमागेच उभी होते. वीतभर म्हटल्याबरोबर मी खुर्चीच्या चाकांकडे बघितलं, कारण त्यांना दोन्हीकडे जेमतेम बोटभर जागा राहते, हे रोज माझीच बोटं सोलून मला ठाऊक होतं. भिंत सरकली की सासरे मागच्या खोलीत कायमचे अडकणार होते. संध्याकाळी मी नवऱ्याला म्हटलं, "त्यांना एवढंच सांग ना, की खुर्ची जाणार नाही."

"म्हणजे विनंती करायची?" नवऱ्याने विचारलं.

"माझ्या पायांचं भांडवल करायचं नाही," आतून सासऱ्यांचा आवाज आला. "प्रश्न तत्त्वाचा आहे."

नवरा खराडीला कंपनीत आहे. घरात बल्ब गेला तरी तो आधी 'प्रोसेस' विचारतो. हे सगळं प्रोफेशनली हँडल करायचं असं त्याने ठरवलं आणि सरकारी मोजणी मागवली. शेजारी म्हणाले, "अवश्य करा. आम्हीच मागवणार होतो." आपण बरोबर आहोत याची दोन्ही घरांना इतकी खात्री होती, की मोजणीची वाट लग्नाच्या मुहूर्तासारखी बघितली गेली. मधल्या काळात दोन्हीकडचे पुरुष एकमेकांना दिसलेच नाहीत. शेजारच्या वहिनी आणि मी मात्र त्याच भिंतीवरून वाट्या देत-घेत होतो. त्यांची वाटी मी कधी रिकामी परत केली नाही, त्यांनी माझी केली नाही. आमच्या घरच्यांना हे दिसत होतं. पण अळूवडी खाताना ते हद्द काढत नाहीत.

मोजणीवाले आले, त्यांनी यंत्र लावलं, खुणा केल्या आणि चहाला नको म्हणून निघून गेले. भिंत चुकलेली होतीच. पण शेजारी सांगत होते तशी वीतभर नव्हे, चांगली हातभर. म्हणजे आमच्याच मागणीवरून, आमच्याच खर्चाने, आम्ही शेजाऱ्यांना त्यांनी मागितली होती त्याहून जास्त जागा मिळवून दिली. नवऱ्याने नकाशा उलटासुलटा करून बघितला आणि त्याला कॉल आला म्हणून तो गच्चीवर गेला.

दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांनी खुणांवर खुंट्या ठोकून आमच्या बोळात दोरी बांधली. सासरे म्हणाले, "मला बघायचंय." मी खुर्ची आत घातली. दोरी त्यांच्या दोन गुडघ्यांच्या बरोबर मधून गेली. पलीकडे शेजारी हात मागे बांधून उभे होते. जिंकलेल्या माणसाने जितकं साधं दिसावं तितकं साधं दिसायचा त्यांचा प्रयत्न होता.

सासऱ्यांनी दोरी बोटाने उचलून बघितली. "म्हणजे निम्मा मी इतकी वर्षं तुमच्याकडे येतोय," ते म्हणाले. "एकदाही चहा विचारला नाहीत."

शेजाऱ्यांची नजर खुर्चीच्या चाकांवर गेली आणि तिथेच राहिली. "खुर्चीचं आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही का नाही विचारलंत?"

मला दोघांच्याही थोबाडीत द्यावीशी वाटली. एवढ्यात वहिनी चहाचा कप घेऊन आल्या आणि त्यांनी तो भिंतीवर ठेवला. कुणाला द्यायचा हे त्यांनी सांगितलं नाही. सासऱ्यांचा हात भिंतीपर्यंत पोचत नव्हता. शेजाऱ्यांनी बराच वेळ इकडेतिकडे बघितलं आणि शेवटी कप उचलून त्यांच्या हातात दिला.

"भिंत आहे तिथेच बांधतो," ते म्हणाले. "पण जागा माझी आहे. जायचं तर विचारून जायचं. रोज."

मला वाटलं, आता कप भिंतीवर आपटणार. ज्या माणसाने जन्मात मीठ मागितलं नाही, तो वाट मागणार? सासऱ्यांनी चहा संपवला. मग फाटकाच्या दिशेने बघितलं. "येऊ का?" ते म्हणाले.

"या."

तेव्हापासून रोज हेच. बोळाच्या तोंडाशी खुर्ची थांबवायची, सासऱ्यांनी "येऊ का?" म्हणायचं, पलीकडून "या" यायचं. कधीकधी शेजारी मुद्दाम पेपरचं पान संपेपर्यंत थांबवायचे, आणि सासरे थांबायचे. नव्या भिंतीला रंगसुद्धा लागला.

मग शेजारी-शेजारीण लेकीकडे नागपूरला गेले. सकाळी सासऱ्यांनी विचारलं, उत्तर आलं नाही, आणि त्यांनी खुर्ची मागे वळवायला लावली. दुसऱ्या दिवशीही तसंच.

"बाबा, ते गावाला गेलेत. तुम्हाला कोण अडवतंय?"

"शब्द दिलाय."

"मग फोन करा."

"फोन करून विनंती करायची?"

"रोज काय करता मग?"

"ती विनंती नाही. तो करार आहे."

ज्या वाटेसाठी एवढं रामायण झालं ती मोकळी पडली होती आणि हा माणूस छताकडे बघत पडणार होता. माझं डोकं फिरलं. मीच फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत शेजाऱ्यांनी उचलला.

"काल का नाही केलात?" ते म्हणाले. "सकाळपासून फोन हातात घेऊन बसलो होतो."

"मग तुम्ही करायचा."

"विचारायचं त्यांनी आहे."

मी फोन सासऱ्यांच्या तोंडाशी धरला. त्यांनी घसा साफ केला. "येऊ का?"

"या, काका," नागपूरहून उत्तर आलं. "सावकाश या. तिथली फरशी निसरडी आहे."

फाटकाशी पोचल्यावर सासऱ्यांनी रस्त्यावर नजर टाकली आणि एक दिवस लक्ष नव्हतं तर सगळे कसे सोकावलेत, असं मला ऐकवलं. ते बऱ्याच दिवसांनी इतके खुशीत होते.

दुपारी आमटी अळणी झाली होती, ते मला पहिल्याच घासाला कळलं. मिठाचं भांडं माझ्या हाताशी होतं. सासरे समोरच्या भिंतीला म्हणाले, "आज मिठाचा संप आहे वाटतं."

शेजाऱ्यांपाशी शब्द फुटतो तर माझ्यापाशीही फुटेल, म्हणून मी मान खाली घालून जेवत राहिले. सासऱ्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा भांड्याकडे, आणि अळणी आमटी वाटी पुसून संपवली.