नखभर काळीज

आमच्या गल्लीतला मटणवाला तोंडाचा फटकळ, पण मापाला चोख. कलेजीवर डाग दिसला की गिऱ्हाईक कितीही गयावया करो, तो ती कुत्र्यापुढे टाकायचा. त्याच्याच लिव्हरवर डाग निघाला तेव्हा मला म्हणाला, "आता मला कोणापुढे टाकतात बघू."

सुईने तुकडा काढून तपासायचं ठरलं. धंदा बुडू नये म्हणून त्याने दुकानाच्या सुट्टीचा दिवस धरला. नेमकी त्याच सकाळी लेक नोकरीसाठी परगावी निघणार होती. तिला कळलं तर ती जायची नाही, म्हणून घरात चकार शब्द काढला नाही. सोबत मला घेतलं. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे, त्याला नव्हतं.

मला दाराशी उभं राहू दिलं. डॉक्टरीणबाईंनी बरगडीखाली गार जेल चोपडलं, जागा बधिर केली आणि सोनोग्राफीच्या पडद्यावर नजर ठेवून सुई आत घातली.

"श्वास धरा. हलू नका."

टक्‌ असा आवाज झाला.

"गेला काळजाचा तुकडा," तो पुटपुटला.

"नखाएवढाच आहे काका. लिव्हर भरून येतं."

"तो नाही हो. माझा तुकडा आत्ता गाडीत बसला असेल."

मग त्याला उजव्या कुशीवर निजवलं. तेवढ्यात लेकीचा फोन आला. मी तो त्याच्या कानाशी धरला.

"बाबा, आहात कुठे? गाडी सुटेल आता."

"दुकानात. गिऱ्हाईकांची ही झुंबड!" जन्मभर हेच उत्तर दिलेलं, तेच तोंडातून गेलं.

"आज दुकान बंद असतं, बाबा."

कोणी न सांगता त्याने श्वास धरला. मग तो उठायला गेला तशी नर्स ओरडली, "काका, हलायचं नाही, आत रक्त सुटेल!"

लेकीने विचारलं, "कोणतं हॉस्पिटल?" मी सांगून टाकलं. त्याने मला शिवी हासडली. मला मात्र सुटल्यासारखं वाटलं.

ती बॅगेसकटच आली.

"गाडी सोडलीस? अक्कल गहाण टाकलीस काय?" तो पडल्या पडल्या तडकला. मग आवाज उतरला. "डाग निघाला की टाकून द्यायचं असतं. शिकवलंय ना तुला?"

तिने बॅग खाली ठेवली आणि स्टूल ओढलं.

"ते दुकानात, बाबा. आज दुकान बंद आहे."