काचेवरची दृष्ट

रविवारी मुलाचा व्हिडिओ कॉल यायच्या आधीच मी लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर मांडते आणि चष्मा पुसून बसते. परदेशातली नात समोर आली, की माझे हात आपोआप पुढे जातात. तिच्या गालांवरून हात फिरवायचे आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडायची, ही आमची दृष्ट काढायची रीत. पण या लॅपटॉपचा पडदा स्पर्शाने चालणारा. माझं बोट नेमकं लाल बटणावर पडायचं आणि नात गायब व्हायची. मिनिटभरात फोन परत यायचा. "आजी, तू मला पुन्हा घालवलंस!" म्हणून ती खिदळायची, आणि मी पुन्हा हात पुढे करायचे.

मुलगा त्याला कंटाळला असावा. गेल्या रविवारी त्याने तिकडून सांगत सांगत माझ्याकडूनच टच बंद करून घेतला. "आता हवा तेवढा हात लाव आई, काही होणार नाही."

खरंच काही होत नाही. आज मी तिच्या गालांवरून मनसोक्त हात फिरवला. ती खाली मान घालून चित्र रंगवत राहिली. आधी निदान त्या काचेला तरी माझा हात कळायचा. आपण शिवलो हे कुणाला तरी कळावं, एवढीच तर माणसाची भूक असते. मी बोटं मोडली, ती घरभर वाजली. मग "बाय आजी" झालं आणि पडदा काळा झाला.

आता फोन मध्येच तुटत नाही, त्यामुळे परत येतही नाही. तरी मी मिनिटभर तिथेच बसून राहिले.