ताठा उतरवणारे तात्या

तात्या गेल्याचा त्यांच्या गावाहून, कळसहून फोन आला, तेव्हा मी बारामतीच्या एमआयडीसीत आमच्या भट्टीसमोरच उभा होतो. त्याला महिना होत आला.

लोहाराच्या घरातले तात्या भट्टीवर कामाला होते आणि मी धातुशास्त्र शिकून त्यांच्यावर साहेब म्हणून आलेलो. लालबुंद पोलाद तेलात बुडवून झटकन निववलं की सूक्ष्मदर्शकाखाली त्यात सुयांची दाटी दिसते. मी तिला मार्टेन्साइट म्हणायचो, तात्या म्हणायचे ताठा. असं पोलाद कडक असतं, पण काचेसारखं तडकतं, म्हणून ते पुन्हा मंद आचेवर ठेवायचं. "ताठा उतरू द्या सायेब, तवर त्याला हात न्हाय लावायचा," असं ते मला बजावायचे आणि माझ्यासारख्या पदवीवाल्याला ते झोंबायचं. ताठा उतरलेल्या मालावर खडूची फुली मारायची, ही त्यांचीच पद्धत.

एका दुपारी इंदापूरचं एक गिऱ्हाईक डोक्यावर बसलं होतं. मी एका शाफ्टची दुसरी आच गाळली आणि स्वतःच्या हातानं फुली मारली. तेलात निवताना शाफ्टला जरा बाक आला होता. तात्यांनी फुली बघितली आणि तो सरळ करायला हातोडा घातला. तुकडा उडाला तो थेट उजव्या डोळ्यात... भट्टीचा रंग नुसत्या नजरेनं ओळखणारा माणूस तो. मालकांनी विचारलं, तर तात्यांनी सांगितलं, फुली मीच मारली, चुकून. मी शेजारी उभा होतो. गप्प राहिलो. नोकरी त्यांची गेली, माझी राहिली.

पुढं मी दर रविवारी कळसला जायचो. ऊस, कालव्याचं आवर्तन, पोरांची शिक्षणं, सगळं बोलायचो, तेवढं एक सोडून. लाज वाटायची, दुसरं काय.

दहाव्याला तात्यांच्या बायकोला, काकूंना बाजूला घेऊन मी सगळं सांगून टाकलं. त्या रडल्या नाहीत, रागावल्याही नाहीत.

"ठाव हाय मला," त्या म्हणाल्या. "दर ऐतवारी तुमी गेला की ह्ये म्हनायचं, आज बी न्हाय बोलला. फुडल्या ऐतवारी बोलंल."