पलटणीच्या चित्रातली मूठ

पलटणीत त्याला सगळे पेन्सिलवाले म्हणत. एकतीस वर्षं त्याने गणवेशातली माणसं कागदावर काढली: ताठ मान, छातीवर पदकं, मांडीवर डावी मूठ. साहेबांना कायम घाई, म्हणून धडं तो आधीच काढून ठेवी, एकाच खाक्यावरून, म्हणजे ठरलेल्या नमुन्यावरून गिरवून, डझनाने. माणूस समोर येऊन बसला की नुसता चेहरा भरायचा. मूठ एवढ्यासाठीच, की बोटं काढण्यात वेळ जातो. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. निवृत्तीच्या भाषणात कर्नल म्हणाले होते, यांच्या हातात जादू आहे. तेव्हाही तो मान खाली घालून चहा पीत राहिला.

एका सकाळी एका जवानाची विधवा दारात उभी राहिली. नवऱ्याला गोळी पाठीत लागली होती. तेव्हापासून गावभर कुजबुज, पळत असणार. तिने फोन पुढे केला. पलटणीच्या संग्रहालयात नवऱ्याच्या चित्राखाली नवी पाटी लागली होती: ‘आवळलेली मूठ, टाळलेली नजर. दडपलेली भीती. हा माणूस आतून मोडलेला होता.’

“काल मुलीच्या वर्गाची सहल तिथे गेली होती. मैत्रिणींनी मोठ्याने वाचलं. काका, तुम्ही समोर बसून काढलंत. ते घाबरले होते?”

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चपला सरकवून तो तिच्यासोबत तडक निघाला.

संग्रहालयातल्या मॅडम शांत होत्या. “अभ्यासकांनी लिहिलंय, आजोबा. शरीर खोटं बोलत नाही.”

“शरीर त्याचं नाहीच.”

त्याने खिशातून पेन्सिल आणि ट्रेसिंग पेपर काढला, चित्राच्या काचेवर धरून मूठ गिरवली. तोच कागद शेजारच्या चित्रावर ठेवला, मग पलीकडच्या. रेघेवर रेघ बसली.

“हा बँडवाला. हाही मोडलेला का? आणि हा आचारी? तिघांचं जेवून बसल्याजागी घोरायचा. नजरेचं म्हणाल, तर माझ्या पाठीमागे भिंतीवर घड्याळ होतं. सगळे तिकडेच बघायचे, कधी सुटतोय म्हणून.”

“म्हणजे तुम्ही इतकी वर्षं फसवणूक केलीत.”

“केली. तसं लिहा, माझ्या नावानिशी. पण त्याच्या चित्राखालची ही घाण आत्ताच्या आत्ता काढा.”

मॅडमनी शिपायाला हाक मारली. पाटीचे स्क्रू निघाले. पेन्सिलवाल्याने जवानाच्या बायकोकडे पाहिलं. वाटलं, आता ती हलकी होईल.

ती मुठीकडे बघत होती. “म्हणजे हा हात त्यांचा नाही.”

“नाही, पोरी.”

“अकरा वर्षं याची नक्कल कपाटाच्या दारावर आहे. मुलगी शाळेत जाताना या हाताला हात लावून जाते. कुणाचा आहे हा?”

“कुणाचाच नाही. खाक्याचा.”

इतका वेळ दुसऱ्यांवर काढलेला राग आता त्याच्यावरच उलटला. त्याने ट्रेसिंग पेपर चुरगळून खिशात कोंबला.

ती आवाज न चढवता म्हणाली, “उद्या सकाळी येते तुमच्याकडे. त्यांची शेवटची दोन बोटं वाकडी होती, अंगठ्याचं नख तुटकं. मी सांगेन तसं काढायचं, दिवस गेला तरी चालेल. आणि काका, परत मूठ काढलीत तर कागद तुमच्यासमोर फाडीन.”