पितळेची दोन टोकं

योकोहामात आमच्या इमारतीमागून जुनी पायवाट टेकडीवर चढते. पूर्वीचे वाटसरू तिथूनच जायचे. आता एक आजोबा कानाला हेडफोन लावून तिथे धातू शोधायचं यंत्र फिरवत असतात. काही सापडलं, की खड्डा हातानं नीट बुजवतात आणि त्या जागेला वाकून नमस्कार करतात.

काल त्यांनी तळहात पुढे केला. तंबाखू ओढायच्या जुन्या लांब नळीची पितळी टोकं होती, दोन्ही.

“आणि मधला भाग?” मी विचारलं.

“बांबूचा होता, कुजला. बांबूला हे यंत्र वाजत नाही.”

संध्याकाळी पुण्याला आईला फोन लावला.

“कशी आहेस?” तिनं विचारलं.

“बरी.”



“ठेवू?” आई म्हणाली.

पूर्वी या दोन प्रश्नांच्या मध्ये आमचा तासभर जायचा.