सीलबंद खोलीतली काच

ती काच आजही आठवते, आणि आठवली की डोकं आजही तापतं. गुजरात पोलिसातल्या चौतीस वर्षांच्या नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले. पण एका वीतभर काचेने मला जेवढं छळलं, तेवढं एकाही दरोडेखोराने छळलं नाही.

निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. सकाळची हजेरी आटोपून मी चहाचा कप तोंडाला लावतो न लावतो तोच कारेलीबागेतल्या एका चार मजली अपार्टमेंटचे प्रमुख, म्हणजे सोसायटीचे अध्यक्ष, अर्ज घेऊन हजर झाले. तळमजल्याच्या खांबावर लावलेल्या काचेच्या पट्ट्या अज्ञात इसम फोडतो, दोन महिन्यांत चार फुटल्या, सोसायटीची बदनामी होते, बंदोबस्त व्हावा, असा मजकूर होता.

"काचा लावल्या कोणी?" मी विचारलं.

"दुसऱ्या माळ्यावरच्या सरांनी. आणि साहेब, ए ज फोडे छे!" प्रमुख गुजराती होते, पण माझं आडनाव वाचून हट्टाने मराठी बोलत होते. "स्वतः लावायची, स्वतः फोडायची, आणि मग बोंब मारायची की बिल्डिंग पडणार. माझ्या दीकऱ्याच्या, म्हणजे मुलाच्या, फ्लॅटचं गिऱ्हाईक दोनदा पळालं!"

असा अर्ज फायलीत लावून विसरायचा असतो. पण प्रमुखांच्या ओळखी दांडग्या. दुपारपर्यंत मला वरून दोन फोन आले. घरफोडीचे तपास तसेच पडलेले असताना काच फोडणाऱ्याच्या मागावर दोन हवालदार लावावे लागले.

खबर नाक्यावरच्या पानाच्या टपरीवरून आली. रोज सकाळी एक म्हातारा काठी टेकत खांबाशी वाकतो आणि काचेवरून बोट फिरवतो. म्हातारा म्हणजे तेच सर, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले, एकटे राहणारे मराठी गृहस्थ. मी त्यांना जबाबासाठी ठाण्यात बोलावलं.

"काच कोणी फोडली?"

"इमारतीने."

"सर, मस्करी नको."

"मस्करी कसली? खांबाला तडा आहे. तड्यावर आडवी काच चिकटवायची आणि तारीख घालायची. तडा रुंदावला की काच तुटते. ती त्यासाठीच लावतात हो."

जबाब लिहून घेणाऱ्या रायटरने पेन थांबवून विचारलं, "साहेब, इमारतीचं वय काय लिहू?" सगळे हसले. मीही हसलो, आणि ते आज खुपतं.

सर चिडले नाहीत. कच्छच्या मोठ्या भूकंपात तो खांब पहिल्यांदा तडकला, तेव्हा सोसायटीने पुट्टी भरून रंग फासला. पुढे तळमजल्यावरच्या ट्यूशन क्लासला मोठा हॉल हवा होता, म्हणून प्रमुखांच्या परवानगीने शेजारची भिंत पाडली आणि खांबाचा कोपराही तासला. हे सगळं त्यांनी वर्गात सांगावं तसं सांगितलं.

"कच्छ लांब आहे म्हणू नका, साहेब. तेव्हा अहमदाबादेतल्या इमारती बसल्याच की. भूकंप म्हणजे न सांगता येणारा शाळा तपासनीस. आणि त्या हॉलमध्ये रोज दुपारी पोरं बसतात."

तरीही मी त्यांना तीन दुपारी बाकावर बसवलं. तीनदा तोच प्रश्न, तीनदा तेच उत्तर. प्रमुखांचा रोज फोन, "कबूल झाला का?" शेवटी मी इतका वैतागलो की म्हटलं, म्हातारा खोटं बोलतोय हे एकदाचं सिद्धच करून टाकू.

त्याच खांबाची एक बाजू मीटरच्या खोलीत होती. दोन पंचांसमक्ष तिथल्या तड्यावर सरांकडूनच नवी काच लावून घेतली, आणि खोलीतल्या दुसऱ्या, धडधाकट खांबावर आणखी एक. पंचनामा केला, सह्या घेतल्या, दाराला कुलूप घालून लाखेचं सील मारलं. चावी माझ्या खिशात.

सहाव्या दिवशी दुपारी ठाण्यातलं लोखंडी कपाट खडखडलं. धक्का इतका हलका होता की निम्म्या लोकांना कळलाही नाही. मी जीप काढायला सांगितली आणि पंचांना बोलावून घेतलं.

सील शाबूत होतं. पंचांसमोर तोडलं. धड खांबावरची काच जशीच्या तशी होती. तड्यावरची मधोमध दुभंगली होती, आणि मागच्या तड्यात माझं व्हिजिटिंग कार्ड सहज शिरलं.

पंच खांबापासून दोन पावलं मागे सरकले. प्रमुख मात्र खुलले. "जुओ साहेब! भूकंपाने फोडली. म्हणजे केस बंद!"

माझा संयम सुटला. "अहो, कपातला चहा सांडला नाही एवढ्या धक्क्याने! उद्या मोठा आला तर अटक कोणाला करू?"

भिंतीपलीकडून पोरांचा एकसुरात सूत्रं पाठ करण्याचा आवाज येत होता. मी स्वतः आत जाऊन वर्ग सोडला. क्लासवाले मागून म्हणत होते, "साहेब, परीक्षा तोंडावर आहे हो!"

पंचनाम्याची प्रत जोडून पालिकेला अहवाल पाठवला. इंजिनिअर आले, त्यांनी खांबाला टेकू दिले. सोळा कुटुंबं पाच महिने नातेवाइकांकडे राहिली, तोवर खांबाला काँक्रीटचं नवं कवच चढलं. सरांची माफी कोणीच मागितली नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्यांच्यामुळे केवढी गैरसोय झाली, यावर मात्र भरपूर चर्चा झाली म्हणे.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते मी खुर्चीत बसून करत होतो. माणसाला आरोपी हवा असतो, कारण आरोपीला कोठडीत टाकलं की काम संपतं. खांब दुरुस्त करावा लागतो. खरं उत्तर पहिल्या जबाबाच्या पहिल्या ओळीत होतं, आणि मी त्यावर हसलो होतो. निवृत्त झाल्यावर सरांच्या घरी जाऊन तेवढं बोलून आलो.

"जाऊ द्या हो, चहा घ्या," सर म्हणाले. "तुमच्या घरी आहे का कुठे तडा?"

"छे," मी म्हटलं.

घरी आलो आणि स्वयंपाकघरातलं कॅलेंडर उचललं. मागचा तडा दाराच्या चौकटीपर्यंत उतरला होता. बायको म्हणाली, "कच्छच्या भूकंपानंतर तुम्हीच ठोकलात ना तो खिळा?" वीसहून जास्त वर्षं आम्ही त्या तड्यावर दर जानेवारीला नवं कॅलेंडर लावत होतो.

दुसऱ्या दिवशी सर काच घेऊन आले. तारीख त्यांनी घातली, सही मी केली, आणि पंच म्हणून बायको उभी राहिली. काच अजून शाबूत आहे. तुटली, तर कोणी फोडली हे मी विचारणार नाही.